हात मोकळं पायजेत

देवळाली प्रवरेत सहा वर्षं मी ज्यांच्या खोलीत भाड्यानं राहिलो, त्या नानांनी जगातल्या यच्चयावत वस्तूंचे दोनच वर्ग केले होते. मूठ असलेल्या आणि मूठ नसलेल्या. खुरपं, छत्री, उलथनं, झाडू, रवी, सायकलचा पंप, पेन ही पहिल्या वर्गातली सज्जन मंडळी. ताट, गादी, भिंत आणि आमदार दुसऱ्या वर्गात. पहिल्यांवर भरवसा ठेवायचा, दुसऱ्यांना लांबूनच नमस्कार.

नवा भाडेकरू आला की घरमालक काय विचारतो? गाव कुठलं, लग्न झालंय का, मटण शिजवता का. मी शाळेवर नव्यानं रुजू झालेला मास्तर, ही सगळी उत्तरं तोंडपाठ करून गेलो होतो. नानांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. खिशाकडं बघितलं.

"पेन बघू," म्हणाले.

दिलं. त्यांनी ते दोन बोटांत फिरवलं, अंगठ्यानं दाबलं, उजेडाकडं धरलं. पुढं शाळेत मी सांगितलं की त्यांनी त्याचा वासही घेतला. तेवढं खरं नाही. मग खिशातून एक लाकडी चिमटा काढला, तो पेनाला बसवला, पेन खिडकीच्या चौकटीतल्या भोकात खोचलं, चिमट्याच्या खाचेत स्वतःचा मोबाईल उभा केला आणि दोन पावलं मागं सरून दोन्ही हात हवेत पसरले. जणू मोबाईलला म्हणत होते, ये, मिठी मार.

मोबाईल हलला नाही.

"पेन चांगलं हाय," नाना म्हणाले. "खोली तुमची. एकच सांगतो मास्तर. संध्याकाळी सात ते आठ मला हाक मारायची न्हाई."

"घर पेटलं तरी?"

"पेटलं तर पानी वता. हाक नका मारू."

नाना म्हणजे तुरा आलेल्या उसासारखा माणूस. उंच, वाळका, वरती पांढरं. साखर कारखान्यात स्लीपबॉय म्हणून लागले, म्हणजे शेतोशेत हिंडून कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याच्या चिठ्ठ्या देणारा, आणि स्लीपबॉय म्हणूनच निवृत्त झाले. डोक्यावरचा शेवटचा केस पिकला, हुद्द्यातला 'बॉय' काही वयात आला नाही. लग्न केलं नव्हतं. खिशाला कायम चार पेनं. एक लिहायला आणि तीन, त्यांच्या भाषेत, "उभं राह्याला".

तो चिमटा मूळचा त्यांचा नव्हे. मूळ वस्तू त्यांनी बेलापूरच्या बाजारात हातगाडीवर घेतलेली. बोटभर प्लास्टिक, एका अंगानं पेन पकडायचं, दुसऱ्या अंगाला खाच, खाचेत मोबाईल. पेन म्हणजे त्याचा पाय. विकणारा म्हणाला होता, "काका, आता निवांत पिक्चर बघा." नानांनी जन्मात पिक्चर बघितला नव्हता. ते प्लास्टिक आठ दिवसांत मोडलं, तेव्हा त्यांनी कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि छत्रीची काडी यांचं लग्न लावून दुसरा केला. मग तिसरा. मी राहायला गेलो तेव्हा सतरावा चालू होता आणि तो पेनापासून कुदळीच्या दांड्यापर्यंत कशालाही धरायचा. एकदा त्यांनी तो म्हशीच्या शेपटीला लावला, तर मोबाईल पडेल म्हणून म्हशीनं आठ दिवस माश्या हाकलल्या नाहीत, असं मी सातवीच्या वर्गात सांगायचो. पोरं माना डोलवायची.

त्यांच्या घरात फोन आडवा पडलेला मी कधी बघितला नाही. परसात खुरप्यावर, चुलीजवळ फुंकणीवर, न्हाणीबाहेर झाडूच्या दांड्यावर, कुठं ना कुठं तो पहारेकऱ्यासारखा ताठ.

"आडवा फोन झोपतो, मास्तर," ते म्हणायचे. "उभा फोन वाट बघतो."

दुसरं त्यांचं वाक्य दिवसातून दहा वेळा यायचं. हात मोकळं पायजेत. मी बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आलो की रागवायचे. स्वतः भाजी आणायला जात तेव्हा पिशवी गळ्यात अडकवून आणत. बैलाच्या गळ्यातल्या घंटेसारखी ती छातीवर डुलायची आणि वरून मेथी डोकावायची.

"नाना, हातात धरली तर काय बिघडतं?"

"दोनी हात गुतल्यावर वाटंत कुनी बोलाया लागलं तर?"

"तोंडानं बोलायचं."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी नापास पोराकडं बघतो.

तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता मी माझ्या खोलीच्या खिडकीतून त्यांच्या घरात बघितलं. बघू नये, पण मास्तराला सवय असते. पिठाच्या डब्यात उलथनं रोवलेलं, त्याच्या दांड्याला चिमटा, चिमट्यात फोन. दिवा नेमका हातांवर पडेल असा खाली ओढलेला. आणि समोर नाना दोन्ही हातांनी हवा कापत होते. बोटं जोडत, तोडत, कपाळाला लावत, छातीवर आपटत. तळव्यावर तळवा पडल्याचा आवाज तेवढा यायचा, तोंडातून चकार शब्द नाही. मध्येच खांदे गदगदा हलले. मला वाटलं रडतात. हसत होते.

एवढा ऐवज मिळाल्यावर मी गप्प बसणार? दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं की आमचे घरमालक फोनवर बैलांचे सौदे करतात. कारण उघड होतं. आमच्या जिल्ह्यातल्या जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, ते मी लहानपणापासून बघितलेलं. मी म्हणालो, नाना हाच धंदा व्हिडिओवर करतात, पार पंजाबापर्यंत. मधल्या सुट्टीत हे सांगितलं आणि शाळा सुटेपर्यंत पंजाबचा हरियाणा झाला होता.

रविवारी एक शेतकरी खरोखरच बैल घेऊन दारात आला.

"तुमीच का ते बोटाचं नाना? म्या ऐकलं तुमी फोनवर इकून देता."

मी खिडकीच्या खाली बसलो. नाना ओट्यावर आले, बैलाकडं बघितलं, शेतकऱ्याकडं बघितलं, मग माझ्या खिडकीकडं बघितलं.

"मास्तर, या भाईर. तुमचं गिऱ्हाईक आलंय."

दुसरा कुणी असता तर त्यानं मला आणि बैलाला एकाच दाव्याला बांधलं असतं. नानांनी उलट शेतकऱ्याला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाले, "बैलातलं मला कळत न्हाई. माज्या बहिनीला कळतं. तिला इचारू." खुरपं अंगणात रोवलं, फोन त्यावर चढवला, लावला.

पडद्यावर एक म्हातारी आली. कपाळावर गोंदण, नऊवारी, बारीक तरतरीत डोळे. तिचा फोनही कशावर तरी उभा होता, कारण तिचे दोन्ही हात मोकळे होते. नानांनी हातांनी काही सांगितलं. तिनं हातांनी काही विचारलं. नाना उठून बैलाला फोनसमोर घेऊन गेले, त्याचा जबडा उघडला, दात दाखवले, मग शेपटी, मग मागचे खूर. म्हातारीनं दोन बोटं अशी काही झटकली की मला न शिकवता कळलं.

"आक्का म्हनती," नाना शेतकऱ्याला म्हणाले, "वय तुमी सांगता त्याच्या दुप्पट हाय. पन डोळा गरीब हाय. इकू नका, घरीच मरू द्या त्याला."

शेतकरी बराच वेळ बैलाकडं बघत राहिला आणि त्याला घेऊन घरी गेला. तो बैल पुढं अठरा वर्षं जगला असं मी सांगत असतो. मी तिथं होतो सहा.

म्हातारीनं तेवढ्यात मला बघितलं होतं. तिनं काही विचारलं, नानांनी उत्तर दिलं, उत्तर देताना दोन चिमटीत रबर धरून लांबच लांब ताणल्यासारखं केलं. तिनं तेच करून दाखवलं आणि तोंड भरून हसली.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमचं नाव. लांबन लावनारा. आमच्यात ज्याला जी खोड, ती त्याचं नाव."

त्या संध्याकाळी चहा घेताना त्यांनी सांगितलं. आक्का त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणंही नाही. वडील जनावरांच्या बाजारातले दलाल. पोरगी लहान असताना ते गमतीनं तिची बोटं उपरण्याखाली धरून दाबायचे, एक, दोन, पाच. तिनं एके दिवशी उपरणंच ओढून काढलं आणि उघड्यावर त्यांना तीन बोटं दाखवून चुलीकडं हात केला. तीन भाकरी पाहिजेत.

"बाजारात जे झाकायचं, ते आमच्या घरात उघडं झालं," नाना म्हणाले.

तिथून भाषा वाढली. बैल म्हणजे कानशिलाला दोन बोटं. आई म्हणजे कपाळावर कुंकू टेकवायचं बोट. कोपरगाव म्हणजे हातानं पाण्याची लाट, कारण तिथं गोदावरी. खरं म्हणजे गळ्याची चिमट, शपथ घेताना धरतात तशी. कुठल्या शाळेत शिकवलेली नव्हे, कुठल्या पुस्तकात नव्हे. आई-वडील गेल्यावर ती भाषा जगात दोनच माणसांना येत होती. एक देवळालीत, दुसरी कोपरगावला, सासरी.

"भाच्याला येत असेल की," मी म्हणालो. आक्काचा एक मुलगा होता, तिकडंच राहायचा.

"त्याला पाच शबूद येत्यात. जेव, पानी, ये, जा, थांब." नानांनी कप खाली ठेवला. "वाईट न्हाई तो. कामाचा मानूस. पाच शबदांत त्याचं भागतं. तिचं भागत न्हाई."

मग तिला इकडं का नाही आणत, की तुम्ही तिकडं का नाही राहत, असं मी विचारलं. शिकलेला माणूस असले प्रश्न विचारतो. ती पोराचं घर सोडणार नाही, आणि भावानं बहिणीच्या सासरी बिऱ्हाड करायचं नसतं. वर्षातून एकदा भाऊबीज. त्या एका दिवसात दोघं वर्षभराचं बोलायचे. दिवाळीनंतर आठवडाभर कारखान्यात नानांना लेखणी धरवत नसे, खांदे इतके दुखायचे. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस हा माणूस ऊसवाल्यांशी तोंडानं बोलायचा आणि आपण गप्प आहोत असं समजायचा.

पत्र नाही, तिला अक्षर येत नव्हतं. साधा फोन तर तिच्यासाठी दगडच. चाळीस वर्षं अशी गेली आणि मग हातात मावेल असं यंत्र आलं ज्यात माणूस दिसतो. नानांनी निवृत्तीनंतर असे दोन फोन घेतले, एक तिला दिला. पहिल्या दिवशी एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं बोलायला लागले.

"तर आक्का काय म्हनली? म्हनली, तोतरा झालास का रे?" नानांनी जीभ दातांत धरून एका हाताचं बोट थरथरवलं. "एका हातानं बोलनं म्हंजे आर्धंच की, मास्तर. त्या दिशी बेलापूरचा बाजार हुता."

मला त्या पिशवीचा, त्या छातीवर डुलणाऱ्या मेथीचा अर्थ तेव्हा लागला. मी आयुष्यात फारसा लाजलेलो नाही. त्या संध्याकाळी थोडा लाजलो आणि रात्री कुणालाच काही सांगितलं नाही.

हळूहळू मला सातच्या बैठकीला बसायची परवानगी मिळाली, बोलायची नाही. मी अकरा शब्द शिकलो. बारावा शिकताना बोटं गुंतायची आणि आक्का पदर तोंडाला लावून हसायची. तिच्याकडचा चिमटा एकोणिसाव्या नंबरचा, लाटण्याला लावलेला, लाटणं तांदळाच्या डब्यात रोवलेलं. ते लाटणं कधी कलायचं आणि आक्का तिरपी दिसायची. तिरपीच बोलत राहायची.

मग ती सकाळ.

नऊचा सुमार होता, सुट्टी होती. नानांचा फोन वाजला. सकाळी तो कधी वाजत नसे. मी दात घासत अंगणात होतो. पडद्यावर भाचा होता, मागं दवाखान्याची हिरवी भिंत.

"मामा, आईला पहाटं झटका आला. उजवं अंग गेलंय. डॉक्टर इचारत्यात कुटं दुखतंय, तर ती निस्ती हात आपटती. कुनालाच काय कळंना. तुमीच बघा."

त्यानं फोन फिरवला. आक्का पलंगावर होती. उजवा हात मेलेल्या पाखरासारखा चादरीवर. आणि डावा हात, ज्यात सलाईनची सुई होती, तो पांढऱ्या पट्टीनं पलंगाच्या लोखंडी दांडीला बांधलेला.

नानांचा आवाज मी तोवर कधी चढलेला ऐकला नव्हता.

"हात सोड तिचा."

"सिस्टर म्हनत्यात सुई निघंल, मामा. सारखी ओढती."

"आरं, ती बोलती. तोंड बांधलंय तुमी तिचं."

मधे कुणा बाईचा आवाज आला, काय झालं म्हणून. भाच्यानं सांगितलं. मग त्या सिस्टरचे हात पडद्यावर आले, पट्टी सोडताना. "मला माहीत नव्हतं हो आजोबा," ती म्हणाली. "सुई पायाला लावते." चांगली होती पोरगी. माहीत नव्हतं हे खरंच होतं. त्या दवाखान्यात, त्या गावात, त्या जिल्ह्यात कुणालाच माहीत नव्हतं. माहीत असलेला माणूस साठ किलोमीटर लांब अंगणात उभा होता.

"फोन उभा कर तिच्यापुढं," नाना भाच्याला म्हणाले. "सलाईनच्या दांडीला बांध. ठिवू नको."

माझी मोटारसायकल अशी की तिला किक मारायला दोन माणसं आणि एक नवस लागायचा. त्या दिवशी पहिल्या किकला लागली. नाना छत्री घेऊन आले. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. मला म्हणाले, "वाका." मी वाकलो. त्यांनी छत्री माझ्या सदऱ्यात पाठीमागून घातली, टोक पट्ट्यात खोचलं, दांडा कण्याला टेकवला, मूठ मानेमागं वर काढली. मुठीला चिमटा लावला, चिमट्यात फोन. मग मागं बसले.

आयुष्यात मला पुष्कळ पदव्या मिळाल्यात, पण त्या दिवशी मी नानांच्या पहिल्या वर्गात गेलो. मी मूठ झालो.

साठ किलोमीटर माझ्या पाठीमागं दोन माणसं बोलत होती आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. आरशात नानांचे हात तेवढे दिसायचे, कधी डावा, कधी उजवा, वाऱ्याबरोबर, आणि त्यांचा धक्का छत्रीच्या दांड्यातून पाठीला लागायचा. हा माणूस मला धरतच नव्हता. खड्डा आला तरी नाही. गुडघ्यांनी गाडी आवळून बसलेला आणि दोन्ही हात तिच्यासाठी मोकळे. कोल्हारला पुलावर लोक थांबून बघायला लागले. बाभळेश्वरच्या चौकात नाना मागं काय म्हणत होते कोण जाणे, पण समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबला आणि हात जोडून आम्हाला वाट दिली. त्याला वाटलं असेल कुणी मोठा हवालदार चाललाय.

"काय म्हणते?" मी वाऱ्यातून ओरडलो.

"जोरात चालवा."

मध्येच छत्री माझ्या पाठीवर हलायला लागली. गदगदा. मला वाटलं रडतात. मग ओळखीची वाटली ती हालचाल. हसत होते. म्हणजे तीही हसत असणार.

राहाता मागं पडलं आणि छत्री थांबली.

नुसती थांबली. पाठीला लगेच कळलं. इतका वेळ दांड्यातून कण्यात काही तरी चालू होतं, ते बंद झालं. मी मान वळवली.

"रेंज गेली," नाना म्हणाले.

"थांबू?"

"नको. चालू द्या." मग थोड्या वेळानं, "दमानं चालवा आता."

आणि त्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले.

मी जिल्ह्यातला एक नंबरचा थापाड्या. दुसऱ्याची थाप मला शंभर पावलांवरून दिसते. ही मला दिसली नाही. आमच्या भागात रेंज जाते, त्यात नवल काय? उलट त्यांचं मन रमावं म्हणून मी शिर्डी ओलांडून पार कोपरगावपर्यंत गोष्टी सांगत राहिलो. म्हशीची सांगितली, अठरा वर्षं जगणाऱ्या बैलाची सांगितली. प्रत्येकाला नाना मागून म्हणायचे, "व्हय." हात खांद्यांवर तसेच.

दवाखान्याच्या दारात भाचा उभा होता. तो नानांच्या गळ्यात पडला.

"मामा, लई येळ बोलली तुमच्याशी. मग हात खाली गेला. तुमी तर बघतच हुता की."

मी छत्री पाठीत घेऊन तसाच उभा राहिलो.

आत त्या सिस्टरनं आक्काचे हात छातीवर एकावर एक ठेवले होते, नीट, जसे ठेवतात तसे. नाना पलंगाजवळ गेले. त्यांनी ते हात हळूच सोडवले, एक या बाजूला, एक त्या बाजूला ठेवला, तळवे वर. बोटं सरळ केली.

ते काय बोलले त्या वाटेवर, हे मी पुष्कळ महिन्यांनी विचारलं. वाटलं होतं, काही तरी मोठं असेल.

"बैलाचं," नाना म्हणाले. "आमच्या लहानपनी एका बैलानं तिचा परकर खाल्ला हुता. दोरीवरचा. त्याचंच." मग त्यांनी उजवा हात हवेत धरला, एकटाच. "तिचा डावा तेवढा चालत हुता. तर आर्धा शबूद ती करायची, उरलेला आर्धा म्या करायचा. मिळून पुरा."

त्यांचा उजवा हात हवेत बराच वेळ तसाच राहिला.

आक्का गेल्यावर नानांनी चिमटे करणं बंद केलं. तेविसावा अर्धाच राहिला होता. पण सात वाजले की उलथनं पिठाच्या डब्यात, फोन उलथन्यावर, दिवा खाली, आणि समोर नाना. हात मांडीवर. आठ वाजले की दिवा वर. मी खिडकीतून बघायचो. मास्तराला सवय असते. पण सांगायचो कुणाला नाही, आणि मला ओळखणारा कुणीही सांगेल की ही काय जड गोष्ट आहे.

एका संध्याकाळी मी माझ्या खोलीतून त्यांना व्हिडिओ फोन लावला. मधे अंगण, दहा पावलं. त्यांनी उचलला, पडद्यात मला बघितलं, दारातून माझ्या खिडकीकडं बघितलं, पुन्हा पडद्यात. मी एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं बोटं तोंडाशी नेली. जेवलात का?

नानांनी जीभ दातांत धरली आणि एक बोट थरथरवलं. तोतरा झालास का रे?

सकाळी माझ्या उंबऱ्यावर तेविसावा चिमटा होता. पुरा केलेला.

त्यानंतर रोज सात ते आठ. दहा पावलांवर दोन माणसं, अकरा शब्द. अकरा शब्दांत माणूस बोलणार काय? तोंडानं मी एका उंदराचं रामायण करतो. इथं माझ्याकडं बैल होता, मोठा होता, पाऊस, आई, झोप, उद्या, नाही, जेवण, कोपरगाव, खरं आणि माझं स्वतःचं नाव. तेवढ्यात मी रोज एक थाप बसवायचो. मोठा बैल. पाऊस जेवला. कोपरगाव नाही. म्हणजे बैलानं पाऊस खाल्ला, गोदावरी आटली. नाना डोळे बारीक करून बघायचे आणि गळ्याची चिमट धरायचे. खरं? मी मोठ्या गांभीर्यानं माझ्या गळ्याची चिमट धरायचो. खरं. मग खांदे गदगदा हलायचे.

नवीन शब्द मात्र त्यांनी मला शिकवला नाही. मी मागितले, दोन-तीनदा. "न्हाई," म्हणायचे. "ते तिचं हायेत."

माझी बदली पाथर्डीकडं झाली. दुष्काळी मुलूख, अर्धं गाव ऊस तोडायला बाहेर, वर्ग रिकामे. सात वाजता मी पेन तांब्यात उभं करून, तांब्यात खडे भरून, चिमटा लावायचो. दहा पावलांचे शंभर किलोमीटर झाले, बाकी तेच. मोठा बैल, पाऊस, खरं? खरं. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी नानांनी फोन उचलला नाही. शेजाऱ्यानं दुसऱ्या दिवशी कळवलं. दुपारी निजले ते निजले. फोन झाडूवर उभा होता म्हणे.

भाच्याचे पाच शब्द सोडले तर आता ती भाषा जगात एका माणसाला येते, तीही अकरा शब्द, आणि तो माणूस कोण, तर मी. तुम्ही म्हणाल, याचं काय खरं धरायचं. बरोबर आहे. म्हशीच्या शेपटीची गोष्ट थाप आहे. बैलाची अठरा वर्षं थाप आहेत. ट्रॅक्टरवाल्यानं हात जोडले की नुसता हॉर्न दिला, मला आता सांगता येत नाही. पण राहात्याच्या पुढं माझ्या पाठीवरची छत्री थांबली, आणि त्यानंतर कुणी तरी माझ्या खांद्यांवर हात ठेवले, तेवढ्यापुरतं मला गळ्याला हात लावायचाय.

त्याला हात मोकळे पाहिजेत. सात वाजायला आलेत, तांब्या समोर आहे, चिमटा समोर आहे, आणि घरात धड पेन एकच आहे, ज्यानं हे लिहितोय ते. ते आता तिकडं उभं करतो.